मीटर सरी इल्ला

आमच्या बुलेटचा हॉर्न म्हशीसारखा वाजतो. हे मी कौतुकानं सांगतोय. हल्लीच्या गाड्यांसारखा किंचाळणारा नाही. पोटातून निघालेला, सावकाश, समोरच्याला ‘जरा सरका बघू’ असं वडीलकीनं सांगणारा हंबर. तर एका सोमवारी सकाळी बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबाखाली, दिवा हिरवा झाला तरी पुढचा टेम्पो हलेना म्हणून मी बटण दाबलं आणि म्हशीऐवजी शेळी बोलली. बुधवारी शेळीचं करडू झालं. शुक्रवारी तर कानाजवळून डास जावा इतपतच आवाज आला. टेम्पोवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

बाकीची लक्षणंही एकेक करून उतरू लागली. हेडलाइट थांबलो की निरांजन व्हायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की समई. इंडिकेटर उजवीकडे वळायचं म्हणून एकदा पेटायचा आणि मग वळावं की वळू नये या विचारात पडून तसाच राहायचा. शनिवारी नऊ वाजता मी चाळिसावी किक मारली तेव्हा हृदयावरच्या उपचारांसाठी देशभरातून लोक जिथे येतात त्या रुग्णालयाच्या रस्त्यावर उभा होतो. धापा टाकत, एक हात छातीवर, एक हँडलवर. दोन भल्या माणसांनी मला धरून रिक्षात बसवायला घेतलं. ‘पेशंट ती आहे,’ असं म्हणत मी गाडीकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांची उरलीसुरली शंका फिटली आणि त्यांनी मला जास्तच घट्ट धरलं.

गाडी चार्ज होत नव्हती. आता यात लाज वाटावी असं काही नाही, पण मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आहे. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात नोकरी करतो तिथे विजेची पॅनेलं बनतात. रस्त्यावर जे मेट्रो स्टेशन आहे त्याच्या नावातसुद्धा ‘डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स’ आहे. डोक्यावरून जी पिवळ्या मार्गावरची गाडी जाते, १० ऑगस्ट २०२५ ला जिचं उद्घाटन झालं, ती सातशेपन्नास व्होल्टवर चालते आणि वेळ पडली तर ड्रायव्हरशिवायही धावू शकते. तिच्याखाली मी, पदवीधर, बारा व्होल्टची गाडी ढकलत. सुरुवातीला ही मेट्रो पंचवीस मिनिटांनी एक अशी होती. एकदा स्टेशनापासून घरापर्यंत गाडी ढकलत नेताना माझ्या डोक्यावरून दोन मेट्रो गेल्या. अंतर दीड किलोमीटर.

गाडी १९९४ सालची. बाबांनी मिरजेत घेतली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्याच वर्षी एनफिल्ड इंडिया कंपनी आयशरवाल्यांकडे गेली. बाबांचं ठाम म्हणणं असं की आपली गाडी मालक बदलायच्या आदल्या दिवशी मद्रासच्या कारखान्यातून बाहेर पडली. पुरावा मागितला की ते इंजिनाचा ठोका ऐकवतात. ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या पायाला. त्यामुळे ही गाडी कुणी मागून नेत नाही आणि नेलीच तर थांबायच्या वेळी गिअर बदलून आमच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत येतो.

पण बाबांचा खरा जीव होता तो ॲमीटरवर. हेडलाइटच्या वर, स्पीडोमीटरच्या शेजारी, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडी मोठी काच. आत एक काटा. मध्ये शून्य, एका बाजूला उणे, एका बाजूला अधिक. किल्ली फिरवली की काटा किंचित उण्याकडे झुकतो, कारण पॉइंट मिटलेले असले की कॉइल बॅटरीतून करंट ओढते. मग किकवर हळू पाय दाबत जायचं. पिस्टन वर आला, पॉइंट उघडले की काटा टुणकन शून्यावर येतो. तिथे थांबायचं. डीकॉम्प्रेसरची बारकी दांडी ओढून किक नखभर पुढे न्यायची, सोडायची, पाय वर घ्यायचा आणि मग एकच किक. हे ताकदीचं काम नव्हे, मुहूर्ताचं. गाडी चालू झाली की काटा अधिकाकडे सरकतो आणि बाबांचा चेहरा खुलतो. आमच्या गल्लीच्या टोकाला तंबोरे करणाऱ्यांची दुकानं. जवारी लागल्यावर तिथले कारागीर असेच मान जराशी तिरकी करून बसलेले मी पाहिले आहेत.

या सगळ्याच्या आधी बाबा आणखी एक करायचे. किल्ली लावण्यापूर्वी ॲमीटरच्या काचेवर नखानं दोन टिचक्या मारायचे. टक् टक्. आई म्हणायची, ‘एवढ्या प्रेमानं माझ्या माहेरचं दार कधी वाजवलं नाही.’

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यानं बाबांना रजा दिली आणि गाडी माझ्याकडे आली. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या सामानाच्या डब्यातून. स्टेशनवर बाबांनी मला एकूण बावीस सूचना दिल्या. चेनला तेल कधी, पॉइंट कधी घासायचे, क्लच कितपत ओढायचा. मी एकवीस सूचना वहीत लिहिल्या. टिचकीची लिहिली नाही. ते गाडीचं काम नाही, श्रद्धेचं आहे असं मी ठरवलं. मी विज्ञानाचा माणूस.

गाडी चार्ज होत नाही म्हटल्यावर बातमी आमच्या सोसायटीत ताप आल्यासारखी पसरली. तापाचं आणि बुलेटचं एक बरं असतं, औषध सगळ्यांना माहीत असतं. मी मिरजेचा, आमच्या गावात पावलोपावली दवाखाना, आधी तपासणी मग औषध हे बाळकडूच. पण इथे पार्किंगमध्ये उलटं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका जिन्यातूनच म्हणाले, ‘बॅटरी.’ गाडी त्यांना अजून दिसलीही नव्हती. ऑफिसातला बेळगावचा मित्र म्हणाला, ‘आर्मेचर गेलं असणार बघ.’ या गाडीत फिरणारं आर्मेचरच नाही हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘मग त्यामुळंच.’ चहाच्या टपरीवाल्याचं मत, गाडी विकून विजेवरची स्कूटर घ्यावी. पलीकडे होसूरला तर बनते, वाटल्यास पायी जाऊन आणता येईल. सासूबाईंनी फोनवरून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. हा सल्ला मला सगळ्यांत शास्त्रीय वाटला. शाळेत लिंबाला तारा लावून आम्ही वीज काढली होती, तेवढीच जास्तीची.

पहिला बॅटरीवाला. त्यानं गाडीकडे न बघता, माझ्याकडे बघून सांगितलं, ‘बॅटरी होगिदे सार.’ गेलीये. नवी बसवली. गाडीतली म्हैस अशी हंबरली की दुकानासमोर झोपलेलं कुत्रं उठून रस्ता ओलांडून गेलं. मी बाबांना फोन करून कळवलं. काकांनी जिन्यातून ‘बोललो नव्हतो?’ केलं.

नव्या बॅटरीची एक गंमत आहे, जी मला पुढे महाग पडली. ती दुकानातून पोट भरून आलेली असते. गाडी तिला घासभरही देत नसली तरी ती चार दिवस अंगच्या बळावर काढते. त्या चार दिवसांत निदान बरोबर ठरतं, बॅटरीवाला देवमाणूस ठरतो आणि जुनी बॅटरी किलोवर विकली जाते. पाचव्या दिवशी शेळी. दुकानात गेलो तर देवमाणूस म्हणाला, ‘बॅटरीला काही झालेलं नाही. तुमची गाडी बॅटरी खाते.’ जणू मीच तिला ते वळण लावलं होतं.

मग मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. रविवारी सकाळी मल्टिमीटर घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो. बघायला सोसायटीतली सात-आठ मुलं, काका आणि दुधाच्या पिशव्या घेऊन परतणारे दोघे-तिघे. एवढा श्रोतृवर्ग मला कॉलेजच्या सेमिनारलाही मिळाला नव्हता. मी समजावून सांगू लागलो. इंजिनाच्या डाव्या अंगाला चेनकेसमध्ये मॅग्नेट फिरतं, त्याच्याभोवती कॉइल. तिथे वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी. ती आरआर युनिटमध्ये जाते, तिथे सरळ होते आणि तिला लगाम बसतो. मग ती बॅटरीत. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबाराच्या थोडी वर दाखवते. गाडी चालू करून जरा रेस केली की साडेतेरा ते साडेचौदा दिसायला पाहिजे. कमी दिसलं तर उपास, जास्त दिसलं तर अजीर्ण.

‘अगं, ॲक्सिलरेटर धर,’ मी बायकोला म्हणालो.

‘किती?’

‘मध्यम.’

‘मध्यम म्हणजे तुझं का माझं?’

तिच्या मध्यममध्ये काकांचं पुढचं वाक्य बुडालं. मी बॅटरीला टोकं टेकवली. आकडा आला सोळा पूर्णांक आठ. मी उभा राहिलो. श्रोत्यांकडे वळून म्हणालो, ‘अजीर्ण!’ लगाम तुटलाय, आरआर गेलं, बॅटरीत ॲसिड उकळत असणार. काकांनी दोन पावलं मागं घेतली. त्याच दुपारी मी नवं आरआर युनिट आणून बसवलं. बसवून पुन्हा मोजलं. सोळा पूर्णांक नऊ. दुकानदारानं सदोष माल दिला म्हणून तावातावानं बदलून आणला. सतरा.

रात्री बायको मल्टिमीटर हातात घेऊन म्हणाली, ‘अरे, या कोपऱ्यात हे बॅटरीचं चित्र कशाला येतंय?’

‘आपण बॅटरी मोजतोय म्हणून.’

ती गप्प बसली. मग तिनं मल्टिमीटरची टोकं नव्या कोऱ्या दीड व्होल्टच्या घड्याळाच्या सेलला लावली. दोन पूर्णांक एक. मग मीही गप्प बसलो. मल्टिमीटरच्या पोटातला सेल उतरला की तो आकडे फुगवून सांगतो. उपाशी माणूस जसं ‘आमच्याकडं काय कमी आहे?’ म्हणतो तसं. सेल बदलला, खाली गेलो, मोजलं. बारा पूर्णांक एक. अजीर्ण नव्हे, उपासच. दिवसभर मी उपाशी गाडीला लंघन घडवायच्या खटपटीत होतो.

इथे मी विज्ञान सोडून भाईकडे गेलो. भाई म्हणजे चंदापूरच्या अलीकडचा मेकॅनिक. वय साठीच्या पुढे. त्याच्या दुकानाला पाटी नाही, पण दारात चार बुलेट पोट उघडून पडलेल्या असतात, तीच पाटी. गाडीचं सगळं बाड मी त्याला सविस्तर, आलेखासह ऐकवलं. त्यानं विडी विझवली.

‘कॉइल गया साब. टेन्शन नक्को लेओ.’

हे ‘नक्को’ ऐकलं की मी विरघळतो. दख्खनी बोलणारा माणूस नको म्हणताना आपल्याच मराठीतला ‘नको’ वापरतो, एक क वाढवून. शहाजीराजे १६३८ नंतर या बंगळुरात जहागीरदार होते. त्या काळापासून इथे राहिलेली मराठी घरं अजून आहेत, आणि एक ‘नको’ तर भाईच्या गॅरेजात सापडतो. माहेरची बोली बोलणाऱ्या डॉक्टरचं निदान चुकूच शकत नाही असं मला वाटलं. मी लगेच कॉइलला होकार दिला.

कॉइल आणायची जे. सी. रोडवरून. जयचामराजेंद्र रोड हे त्याचं पूर्ण नाव, पण तिथे ज्याला गाडीचं काही हवंय त्याला एवढं उच्चारायला वेळ नसतो. मी मेट्रोनं गेलो, आर. व्ही. रोडला गाडी बदलून नॅशनल कॉलेजला उतरलो. दुकानदारानं कॉइल म्हणताच मला प्रश्नपत्रिका दिली. सहा व्होल्ट का बारा? पॉइंटवाली का इलेक्ट्रॉनिक? वायरी किती? कोणत्या रंगाच्या? मी तिन्हीत्रिकाळ ‘१९९४’ एवढंच सांगत राहिलो. मुलगा शाळेत किती शिकलाय विचारल्यावर त्याचं जन्मसाल सांगावं तसं. शेवटी भाईला फोन लावून दुकानदाराच्या हातात दिला. तासाभरानं मी पिशवीत कॉइल घेऊन परतीच्या मेट्रोकडे निघालो.

पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक गोल चकती, तिच्याभोवती तांब्याची वेटोळी आणि खाली लोंबणाऱ्या वायरी. मी नंतर विचार केला, तपासणीवाल्या माणसाच्या जागी असतो तर मीही पट्टा थांबवला असता.

‘इदु एनु?’ हे काय आहे?

मी प्रामाणिकपणे म्हणालो, ‘बुलेट.’

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. माणूस हळू उठला.

‘एष्टु?’ किती?

‘ओंदे,’ मी म्हणालो. एकच. आणि त्याला धीर यावा म्हणून कन्नडातच पुढे सांगितलं, ‘मनेयल्लि इदे.’ घरी आहे.

यानंतरची वीस मिनिटं मी सविस्तर सांगत नाही. शेवटी मोबाइलमधला बाबांचा आणि गाडीचा फोटो दाखवल्यावर सुटका झाली. साहेबांच्या सासऱ्यांकडेही बुलेट होती. जाताना ते म्हणाले, ‘चार्ज होत नाही? बॅटरी बघा.’

भाईनं गाडीचा डावा पायठेवा काढला, ब्रेकची दांडी काढली, चेनकेसचा तो मधला एकुलता एक मोठा नट फिरवला आणि झाकण सुटलं. आतलं ऑइल निम्मं ट्रेमध्ये गेलं, निम्मं माझ्या बुटात. नवी कॉइल बसवताना ती मॅग्नेटला घासता कामा नये आणि फार लांबही राहता कामा नये. मध्ये एवढीशी फट. ती मोजायला पुस्तकात पाती सांगितली आहेत. भाईनं लग्नपत्रिकेचा एक तुकडा कापला, सगळीकडून फिरवून पाहिला. मला दिसला तो भाग असा होता : ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. झाकण लावलं, ऑइल भरलं, किक मारली. मी मल्टिमीटर काढला, सेल तपासला, चष्मा पुसला आणि बॅटरीला टोकं लावली.

बारा पूर्णांक एक.

भाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. ‘साब,’ तो म्हणाला, ‘ये मीटर च खराब है.’ मी मल्टिमीटर पिशवीत टाकला. आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं नाही की हे वाक्य अर्धं बरोबर होतं. फक्त मीटर चुकीचं होतं.

आता गाडी चार्ज होत नव्हतीच, शिवाय चेनकेसमधून गळू लागली होती. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून चार्जर आणून बॅटरी घरात भरायला लावायचो. टीव्हीशेजारी माझी बॅटरी, तिच्याशेजारी मुलीचा टॅब, बायकोचा फोन, सगळे ओळीनं प्यायला बसल्यासारखे. बाबांचा रोज फोन. ‘काटा काय म्हणतो?’ सुनेची चौकशी करावी तसं विचारायचे. ‘थरथरतो,’ मी सांगायचो. ‘कधी शून्यावर, कधी उण्यात, कधी एकदम गायब.’ बाबा ‘हं’ म्हणायचे आणि आईकडे फोन द्यायचे.

आणि मग ती रात्र. चंदापूरहून भाजी घेऊन येत होतो, साडेनऊ वाजले असतील. एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि खाली आली ती मेलेलीच. इंजिन नाही, दिवा नाही, शेळी नाही, डाससुद्धा नाही. कालच रात्रभर चार्ज केलेली बॅटरी. किका मारून मारून पाय दुखला. शेवटी गाडी तिथेच एका दुकानाच्या कट्ट्याला लावून मी रिक्षाला हात केला.

‘एल्लिगे सार?’

‘बोम्मसंद्रा. पण आधी मीटर हाकि,’ मी सुनावलं. मीटर टाका. दिवसभराचं साठलं होतं.

रिक्षावाला खाली उतरला, बुलेटभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘मीटर सरी इल्ला सार.’

मीटर बरोबर नाही. सहा वर्षं मी हे वाक्य या शहरात ऐकतोय. पावसात ऐकलंय, रात्री ऐकलंय, बायको-मुलीला रस्त्यावर उभं करून ऐकलंय. मी बांध फोडला. मीटर बरोबर नसेल तर रिक्षा रस्त्यावर आणायची कशाला? सगळ्या शहराची मीटरं एकाच दिवशी बिघडतात का? कन्नडात सुरुवात केली, हिंदीतून गेलो आणि खऱ्या रागाचा मुद्दा आल्यावर अपरिहार्यपणे मराठीत पोहोचलो. तो शांत उभा होता. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला,

‘नन्न मीटर अल्ला सार. निम्म मीटर.’

माझं नाही. तुमचं.

आणि त्यानं वाकून बोटाच्या पेरानं ॲमीटरच्या काचेवर दोनदा वाजवलं. टक् टक्.

हेडलाइट पेटला.

मी त्या उजेडाकडे आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पूर्वी तो एका दूधवाल्याची बुलेट चालवायचा, त्याने सांगितलं. जुन्या गाड्यांत बॅटरीकडे जाणारा-येणारा सगळा करंट या काचेच्या पाठीमागच्या दोन नटांतून जातो. नट सैल झाला की वर कारखाना चालू आणि खाली बॅटरी उपाशी. ‘स्वल्प टाइट माडि,’ तो म्हणाला, ‘साकु.’ थोडं घट्ट करा, पुरे. पैसे विचारले तर म्हणाला, ‘दीडशे.’ मी रिक्षात बसलोही नव्हतो, मीटर पडलंही नव्हतं. घासाघीस न करता मी दिले. मिरजेत निदान झालं नाही तरी याहून जास्त घेतात.

घरी येऊन मी खालीच चेनकेसशेजारी बसलो. महिनाभर मी एकाच ठिकाणी मोजत होतो, बॅटरीवर. आता आरआर युनिटमधून निघणाऱ्या वायरीवर मोजलं. चौदा पूर्णांक दोन. बॅटरीवर बारा पूर्णांक एक. म्हणजे वरून निघालेले दोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. आईनं मिरजेहून एक्कावन्न लाडू पाठवावेत आणि डबा दोन मामा आणि एक आत्या करत इथे पोहोचेपर्यंत अडतीस भरावेत; अशा वेळी कुणी बेसनाला दोष देत नाही, डबा कुठे कुठे उघडला ते बघतात. मी मात्र बेसनवाला बदलला, कढई बदलली, शेगडीसुद्धा बदलली. हेडलाइट सोडवून आत टॉर्च मारला. ॲमीटरच्या पाठीवर दोन खिळे, त्यांवर दोन नट. एक काळा पडलेला, वायरीचा डोळा हिरवट. नटाला पाना लावायचीसुद्धा गरज पडली नाही. बोटांनी दीड आटा फिरला. डोळा कानसून घासला, नट आवळला, किक मारली. बॅटरीवर चौदा पूर्णांक एक.

खात्री करायला हॉर्न दाबला. म्हैस. पार्किंगमध्ये छताखाली, रात्री पावणेबाराला. चार मजल्यांचे दिवे एकदम लागले, आणि खात्रीनं सांगतो, चौदा व्होल्टपेक्षा जास्त वेगानं. सोसायटीच्या ग्रुपवर काकांनीच पहिला निषेध नोंदवला.

सकाळी बाबांना फोन केला.

‘सापडलं बाबा. ॲमीटरचा नट सैल होता.’

‘तो होय,’ बाबा म्हणाले. ‘तो सत्त्याण्णव सालापासून सैल आहे. दंडोबाच्या चढाला गाडी बंद पडली होती. टिचकी मारली, चालू झाली. म्हटलं, चालतंय तर उगाच कशाला खोलायचं?’

‘मग मला सांगितलं का नाही?’

‘सांगितलं की. स्टेशनवर. तू लिहून घेत होतास.’

मी गप्प. तिकडून आईचा आवाज आला, ‘काय झालं हो?’ बाबा तिला म्हणाले, ‘काही नाही, त्यानं घट्ट केला.’ सुरात जरा कमीपणा होता. मग मला म्हणाले, ‘बरं, बदललेलं जुनं सामान कुठाय? जुनी कॉइल, जुनं आरआर? ती मूळची आहेत. मद्रासची. चांगली आहेत, घेऊन ये.’

आरआर घरीच होतं. कॉइलसाठी त्या संध्याकाळी भाईकडे गेलो. भाईनं मला बसायला डबा सरकवला, चहा सांगितला.

‘वो कॉइल तो दुसरी बुलेट कू लगा दिया साब,’ तो म्हणाला. ‘होसूरवाले की. उसका चारज नै होताय बोलके आया था. कॉइल डाला,’ आणि त्यानं विडीचं टोक हवेत उंचावून दाखवलं, ‘फस्ट क्लास चारज मारती!’